दोरी चढवताना धनुष्य का मोडतं?

सीतास्वयंवराची गोष्ट आपल्याला पाठ असते. तिथे परीक्षा नेम मारायची नव्हती, धनुष्याला दोरी चढवायची होती. रामाने दोरी चढवून ओढली आणि धनुष्यच मोडलं. आज आम्ही बोलणार आहोत ते या दोरी चढवण्याबद्दलच.

आपल्या खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे आणि औरंगजेबाचीही. एक १६२६ साली गेला, दुसरा १७०७ साली. त्यांच्या काळात बंदुका आल्या होत्या, तरी घोडेस्वाराचं धनुष्य सुटलं नव्हतं. धावत्या घोड्यावर ठासणीची बंदूक भरत कोण बसणार? फारसीत धनुष्याला कमान म्हणतात. वेशीची कमान म्हणतो तो शब्द हाच.

हे धनुष्य साध्या बांबूचं नसे. मधे लाकडाची किंवा बांबूची पट्टी. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पातळ पट्टी, कारण शिंग दाब सोसतं. समोरच्या बाजूला जनावराच्या पायाच्या शिरा, टाचेमागे हाताला लागते ना, तसल्या चिवट. त्या वाळवून, कुटून, तंतू सुटे करून सरसात भिजवायच्या आणि थरावर थर बसवायचे. या शिरा ताण सोसतात. वाळायला महिनोन्‌महिने जातात. वाळताना शिरा आखडतात आणि धनुष्याला उलटं ओढतात. त्यामुळे दोरी नसलेलं असं धनुष्य उलट्या बाजूला वळलेलं असतं, कधीकधी पार खेकड्याच्या नांग्यांसारखं.

म्हणजे दोरी चढवायची तर ते अख्खं उलटं फिरवावं लागतं. आधी मंद धगीवर हलकं शेकायचं. धग जास्त झाली की सरस सुटतो, कमी झाली की शिंग तडकतं. इथे भाकरी शेकणारा हात हवा, असं आम्हाला वाटतं. मग सावकाश वाकवत जायचं, वाकवलेला भाग साच्याला बांधायचा, आणि दुसऱ्या माणसाने फास टोकाच्या खाचेत बसवायचा. एकट्याने, घाईने हे काम करू नये.

दोरी चढली म्हणजे झालं, असं नाही. आता ती दोन्ही टोकांच्या बरोबर मधून जाते का, ते बघायचं. एका अंगाला सरकत असेल तर हात काढा! असं धनुष्य क्षणात पलटतं आणि तोंडावर बसतं. पिळलेला भाग पुन्हा शेकून, दाबून सरळ करतात आणि दोरी तशीच ठेवून त्याला मुरू देतात.

पुढचं काम दोन्ही बाहू सारखे वाकवण्याचं. थोडंसं ओढायचं, लांबून बघायचं. जो बाहू कमी वाकतो तो ताठ. त्याच्या शिंगावरून कानस फिरवायची, अगदी थोडी, आणि पुन्हा ओढून बघायचं. कमजोर बाहूला हात लावायचा नाही. शिरांच्या बाजूलाही नाही, कारण तिथला तंतू तुटला की जोडता येत नाही. शिंग मात्र एकदा खरवडलं की परत येत नाही, म्हणून ओढायचं अंतर बोट-दोन बोटंच वाढवत न्यायचं.

या धनुष्याचा वैरी म्हणजे आपला पावसाळा. ओलाव्याने सरस सैल पडतो, म्हणून वरून रोगण लावत. आपल्या देशातल्या कारागिरांनी तर पोलादी धनुष्यंही घडवली. ती तितका जोर देत नसत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी चालत.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हापासून गावोगावच्या मुली धनुष्य मागतात. आजच्या धनुष्यांत शिंग-शिरांची जागा काचतंतू आणि कार्बनने घेतली आहे. दोन्ही बाहूंपासून दोरीचं अंतर मोजायचं काम मात्र खेळाडू अजून करतात.

आणि कुणाच्या माळ्यावर जुनं, उलटं वळलेलं धनुष्य निघालं, तर पोरांना दोरी बांधू देऊ नका. ते ज्या बाजूला वळलेलं दिसतं त्याच बाजूने दोरी लावायचा मोह होतो, आणि जुना सरस वाळून ठिसूळ झालेला असतो. कोरड्या जागी, आडवं ठेवा आणि एखाद्या संग्रहालयाला दाखवा.