कपाळाला पट्टा, पाठीवर गाठोडी!

शाळेतून आल्या आल्या दप्तर धाडकन खाली टाकता ना? "आई गं, खांदे मोडले!" असंही म्हणता. मग हे ऐकाच. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या जंगलात काही माणसं एकेका खेपेला ८० किलोंचं ओझं वाहत. तेही खांद्यांवर नाही, कपाळाला पट्टा लावून!

त्यांना 'व्हॉयाजर' म्हणत. फ्रेंच भाषेत याचा अर्थ प्रवासी. बर्च झाडाच्या सालीच्या होड्यांतून ते व्यापाऱ्यांचा माल जंगलात नेत आणि बीव्हर या प्राण्याची कातडी घेऊन परतत. बीव्हरच्या मऊ केसांपासून युरोपात श्रीमंतांच्या टोप्या बनत.

पण वाटेत धबधबे लागले तर? मग माल पाठीवर घ्यायचा आणि चालायचं! आजच्या मिनेसोटा राज्यात सुपीरियर सरोवरापासून पिजन नदीपर्यंत अशीच एक पायवाट आहे, 'ग्रँड पोर्टेज'. लांबी सुमारे १४ किलोमीटर!

कातडी दाबून सुमारे ४० किलोंचं एकेक गाठोडं बांधलेलं असे. कातड्याच्या लांब पट्ट्याची दोन्ही टोकं गाठोड्याला बांधायची आणि मधला रुंद भाग कपाळाच्या वरच्या बाजूला टेकवायचा. गाठोडं कमरेशी बसलं, की त्यावर दुसरं! किंचित वाकून झपझप चालायचं. हात मोकळे राहत, आणि पाय घसरलाच तर मानेला झटका देऊन ओझं फेकता येई. ही युक्ती व्हॉयाजरांची नव्हे बरं का! तिथले मूळ रहिवासी ती आधीपासून वापरत होते.

थोड्या थोड्या अंतरावर ओझं उतरवून ते विसावा घेत. पण अशा ओझ्यापायी कितीतरी जणांना अंतर्गळ होई, काही जण त्यातच दगावत. आणि हे सगळं कशासाठी? तर दूरदेशीच्या टोप्यांसाठी! पुढे १८३०-४० च्या सुमारास रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि बीव्हरची मागणी ओसरली.

१९५८ पासून ग्रँड पोर्टेज राष्ट्रीय स्मारक आहे. हौशी पर्यटक आजही ती वाट चालतात.

कपाळाच्या पट्ट्याचा प्रयोग मात्र घरी करू नका हं! मान दुखावेल. त्यापेक्षा एवढंच करा : जाड पुस्तकं दप्तरात पाठीला लागून ठेवा आणि नको असलेल्या वह्या घरीच राहू द्या. तुम्हाला ते जमेल. व्हॉयाजरांना गाठोडं हलकं करण्याची मुभा नव्हती!