आदल्या रात्रीचा आवाज

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या हजारो मतदारांना फोन आला. आवाज राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा. सांगणे हे की, पक्षांतर्गत निवडणुकीत मत देऊ नका. तो आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेला होता. ना पैसे वाटले, ना धमकी दिली!

आपल्या वस्त्यांना ही चाल नवी नाही. मतदानाच्या आदल्या रात्री 'नेत्याने पाठिंबा बदलला' अशी खोटी पत्रके फिरतात. उद्या नेत्याचा हुबेहूब आवाजच मोबाईलवर येईल आणि खुलासा पोहोचेपर्यंत मतदान संपलेले असेल.

१९३५ च्या कायद्याने मालमत्ता, शिक्षणाच्या अटी घालून बहुसंख्यांना मताधिकार नाकारला होता. संविधानाच्या कलम ३२६ ने तो प्रत्येक प्रौढाला दिला. आता तो हिरावण्यास कायदा बदलावा लागत नाही, फसवणूक पुरते. म्हणून कार्यकर्त्यांनो, असा आवाज पुढे पाठविण्याआधी पक्षाकडे खात्री करा!