संक्रांतीनंतरची पेरणी

थंडीच्या दिवसांत सुरतकराला भाजीविषयी काही सांगू जाणे म्हणजे हलवायाच्या घरी पेढे पाठविण्यासारखे आहे. पापडी, कोनफळ, हिरव्या लसणाची पात, बोटाएवढी वांगी यांनी बाजार भरून जातो, घरोघरी उंधियू शिजतो, आणि आपण ज्याला हुरडा म्हणतो तो पोंक लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खाण्यासाठी सारे शहर बाहेर पडते. आम्ही नव्याने येथे आलो तेव्हा सौभाग्यवतीने भाजीवाल्याकडे मोठ्या विश्वासाने 'रताळू' मागितले होते आणि पिशवीत जांभळे कोनफळ घेऊन ती परतली होती. त्या दिवशीचा रताळ्याच्या किसाचा बेत अर्थातच बदलावा लागला. परभाषेतील ओळखीचा शब्द कसा फसवतो, याचा हा आम्हांला मिळालेला पहिला धडा. दुसरा धडा गेल्या वर्षी मिळाला. तो मात्र महाग पडला.

आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेली कित्येक वर्षे आमची भाजीची बाग होती. बाग म्हणजे पंचवीस-तीस कुंड्या आणि कापलेली पिंपे. लावणे, खुरपणे, तोडणे हे सर्व खाते पत्नीकडे, आणि बागेविषयी चारचौघांत बोलणे हे माझ्याकडे. रोज सायंकाळी पाणी घालण्याच्या कामी आमच्या वॉचमनची मुलगी हौसेने मदत करीत असे. कुटुंब नंदुरबारकडचे, मुलगी सातवीत. झारी तिच्याहून जड, पण ती कोणाला हात लावू देत नसे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्या मुलीला ताप भरला. तपासणीत डेंग्यू निघाला. शिरस्त्याप्रमाणे आरोग्य विभागाचे कर्मचारी इमारत तपासण्यास आले, गच्चीवर गेले, आणि खाली येऊन अत्यंत आदबीने म्हणाले, "साहेब, तमारे त्यां पोरा छे." मी पडलो प्रसूतितज्ज्ञ, पोरांशी माझा संबंध आयुष्यभराचा. क्षणभर मला काही उमगेना. गुजरातीत 'पोरा' म्हणजे डासांच्या अळ्या! आमच्या कुंड्यांखालच्या बशांतून, स्वच्छ पाण्यात, त्या वळवळत होत्या. डेंग्यूच्या प्रतिबंधावर व्याख्याने देणाऱ्या डॉक्टरच्या घरी!

मुलगी आठवड्याभरात बरी झाली, ही ईश्वराची कृपा. तिला चावलेला डास आमच्याच बशीतला होता, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. परंतु एडिस इजिप्ती हा डास जन्मस्थानापासून फार दूर जात नाही, तो दिवसाढवळ्या चावतो, आणि ती मुलगी रोज दिवस मावळण्यापूर्वी त्याच कुंड्यांपाशी उभी असे. आपण वैद्यकीय व्यवसायातली माणसे संभाव्यतेच्या भाषेत विचार करतो. तेव्हा निष्कर्ष काय काढावा, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. वॉचमनने एका शब्दाने तक्रार केली नाही. उलट, "साहेब, तुम्ही लगेच तपासलं म्हणून पोर वाचली," असे तो म्हणाला. तो कृतज्ञतेचा शब्द मला आजही टोचतो.

दुसऱ्याच दिवशी पत्नीने सर्व कुंड्या उपड्या घातल्या. या हिवाळ्यात आम्ही प्रथमच मेथी आणि कोथिंबीर विकत आणली. विषय तेथेच संपला असता; पण मार्गशीर्षात एके दिवशी ती मुलगी दारात येऊन म्हणाली, "काकू, या खेपेला भेंडी नाही लावायची का?" पत्नीने माझ्याकडे पाहिले. त्या रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो.

वाचकहो, सुरतेत उन्हाळी भाजीचा विचार करावयाचा तो याच दिवसांत. जानेवारीत येथे रात्री पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तीसपर्यंत चढतो. पालेभाज्यांना हे हवामान मानवते. पण भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका यांचे बी थंड मातीत रुसून बसते. जानेवारीच्या अखेरीस रात्री कोमट होऊ लागल्या की ते पेरावे. दुसरे कारण अस्सल सुरती आहे. १४ जानेवारीचे उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण आटोपल्याखेरीज कोणतीही गच्ची मालकाची नसते! त्या दोन दिवसांत लावलेले रोप पतंगबाजांच्या पायाखालून वाचणे अशक्य. म्हणून आधी गच्चीवरचा मांजा वेचावा, मग माती भरावी.

मातीसाठी पोयटा, कुजलेले खत आणि नारळाचा भुसा समभाग घेतला तर कुंडी हलकी राहते. ओल्या मातीचे पिंप उचलून पाहिलेल्या कोणासही स्लॅबवरील भाराविषयी वेगळे सांगावयास नको. मोठी पिंपे भिंतीच्या वा तुळईच्या रेषेवरच ठेवावीत. खत घरच्या ओल्या कचऱ्याचे. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे आणि 'विपुलाच सृष्टी' या ग्रंथातून घरचा कचरा व सूर्यप्रकाश हेच भांडवल मानून थोड्या जागेत पीक घेण्याचा विचार महाराष्ट्रात रुजविला, तो गच्चीला अगदी चपखल बसतो. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. फेब्रुवारीच्या आरंभी पेरले तर मार्चअखेर पहिली तोडणी मिळते. मावा पडल्यास लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी पुरते. विषारी औषधांकडे वळू नये. अ‍ॅट्रोपिन भरून उभे राहण्याचे प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. आणि एक व्यावसायिक विनंती: वापरलेल्या सलाईनच्या बाटल्या ठिबक सिंचनासाठी घरी आणू नयेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार त्यांची जागा निराळी आहे.

दुधीची गोष्ट मला विशेष प्रिय आहे. तिची पांढरी फुले दिवेलागणीला उमलतात. उत्तरायणाला आकाशात पतंग मावत नाहीत. पण परागीभवन करणारे पतंग चौथ्या मजल्यावर क्वचितच फिरकतात. परिणामी मादी फुलामागचा इवलासा दुधी पिवळा पडून गळतो. अशा वेळी नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावावेत. याच शहरातील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी सिद्ध केलेले 'संकर-४' हे व्यापारी लागवडीसाठी आलेले जगातील पहिले संकरित कापूस वाण १९७० साली प्रसारित झाले, आणि त्याचे बियाणेही असेच फुलाफुलाला हात लावून तयार होई. वंध्यत्वचिकित्सा करणारे माझे मित्र या कामी फी किती घेतो, असे मला विचारतात.

आता वहीतील मुख्य कलमे. कुंडीखाली बशी नाही, कुंडी विटांवर. पाण्याचे पिंप झाकलेले, झाकणावर फडके बांधलेले. दर रविवारी 'कोरडा दिवस': गच्चीवरील प्रत्येक भांडे रिकामे करून घासावयाचे. नुसते ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पाणी मिळताच आठ-दहा दिवसांत त्यांचा डास होतो. आठवड्याचे अंतर चुकले की संपले.

या कलमांच्या अंमलबजावणीसाठी निरीक्षक नेमला आहे. वॉचमनच्या मुलीला मी एक बॅटरी, एक भिंग आणि एक वही दिली. तिने पहिली तपासणी उपड्या कुंड्यांपासूनच सुरू केली आणि कोपऱ्यातल्या एका फुटक्या झाकणात साचलेले पाणी शोधून काढले. वहीत तिने लिहिले: "पोरा: नाही. पाणी: आहे. डॉक्टरसाहेबांना सांगितले."

झाकण मी त्याच वेळी खाली नेऊन टाकले. बी आणून ठेवले आहे. वासी उत्तरायण संपण्याची वाट पाहत आहोत. आपल्यापैकी कोणास दुधीचे बी हवे असल्यास अवश्य न्यावे. मात्र आपल्या गच्चीवर एक बशी जरी दिसली, तरी आमचा निरीक्षक बी परत मागेल, याची नोंद घ्यावी.