घनता-उंची : विरळ हवेतील विमान आणि तोफगोळा

एखादे ठिकाण किती उंचीवर आहे, असे विचारले असता आपण नकाशाकडे पाहतो. नकाशावरील आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. तो ऋतूप्रमाणे किंवा प्रहराप्रमाणे बदलत नाही. विमानाचे पंख आणि तोफेतून सुटलेला गोळा यांना मात्र या आकड्याशी कर्तव्य नसते. त्यांचा संबंध येतो तो भोवतालच्या हवेशी. ती किती दाट आहे यावर त्यांचे वर्तन ठरते, आणि हवेचा दाटपणा तर एकाच दिवसात कमीजास्त होत असतो.

तुलनेच्या सोयीसाठी शास्त्रज्ञांनी एक मानक वातावरण गृहीत धरले आहे. त्यात समुद्रसपाटीवर तापमान १५ अंश सेल्सिअस व वायुदाब १०१३.२५ मिलिबार असतो, आणि दर किलोमीटर उंचीमागे तापमान ६.५ अंशांनी उतरते. एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी हवेची जी घनता असते, तेवढीच घनता या मानक वातावरणात ज्या उंचीवर आढळेल, ती उंची म्हणजे त्या ठिकाणची त्या वेळची घनता-उंची होय.

हवा विरळ होण्याची कारणे तीन. उंच जावे तसा वरच्या हवेचा भार घटतो व दाब कमी होतो, हे पहिले. हवा तापली की प्रसरण पावते, हे दुसरे. तिसरे कारण आर्द्रतेचे. दमट हवा जड असते असा सर्वसाधारण समज आहे; वस्तुतः पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंपेक्षा हलका असल्यामुळे दमट हवा कोरड्या हवेहून किंचित विरळच असते. तथापि हा परिणाम पहिल्या दोहोंच्या मानाने अल्प आहे.

लेह येथील विमानतळाचे उदाहरण घेऊ. तो समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. या उंचीचे मानक तापमान उणे ६ अंशांच्या आसपास येते. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश अधिक, तितक्या वेळा सुमारे ३५ मीटर नकाशावरील उंचीत मिळवावेत, असा स्थूल नियम आहे. उन्हाळ्यातील सकाळी तापमान १० अंश असेल, तर लेहची घनता-उंची ३,८०० मीटरांच्या घरात जाते; दुपारी ते २५ अंशांवर गेले, की ती ४,३०० मीटरांपर्यंत पोहोचते. धावपट्टी तीच, परंतु वैमानिकाच्या दृष्टीने ती काही तासांत पाचशे मीटर वर सरकलेली असते.

त्या दुपारी लेहच्या हवेची घनता समुद्रसपाटीवरील मानक घनतेच्या जेमतेम ६५ टक्के उरते. पंखांना उचलून धरणारा जोर हवेच्या घनतेवर व विमानाच्या वेगावर अवलंबून असतो. घनता घटली की तिची भरपाई वेगाने करावी लागते. समुद्रसपाटीवर ताशी २०० किलोमीटर वेगाने जमीन सोडणाऱ्या विमानाला तेथे सुमारे २५० किलोमीटरांचा वेग गाठावा लागतो. याच वेळी इंजिनाला मिळणारी हवा कमी झाल्यामुळे त्याची शक्तीही घटलेली असते. परिणामी धाव लांबते आणि उड्डाणानंतरची चढण मंदावते. भरीस भर म्हणजे वेगदर्शकाचा काटा वैमानिकाला नेहमीचाच आकडा दाखवितो, कारण तो काटाही हवेच्या दाबावरच चालतो. जमीन मात्र अधिक वेगाने मागे पडत असते. उतरतानाही हेच घडते, आणि विमान थांबविण्यास अधिक लांब धावपट्टी लागते.

उपाय दोनच : भार कमी करणे किंवा थंड वेळ निवडणे. लेहची प्रवासी उड्डाणे मुख्यतः सकाळी ठेवण्यामागे दुपारच्या वाऱ्यांइतकेच हेही कारण आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस तेथील तापमान असाधारण वाढले, तेव्हा काही उड्डाणे रद्द करावी लागली. सियाचीनच्या अत्युच्च ठाण्यांवर रसद नेणाऱ्या चीता हेलिकॉप्टरांना तर एका खेपेत अगदी थोडके सामान घेता येते. तेथे चार किलो जास्त घेण्याचा मोह हा जिवाशी खेळ ठरतो.

तोफगोळ्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला वर राहण्यासाठी हवेचा आधार नको असतो. हवा त्याला केवळ अडविते. म्हणून जी विरळ हवा विमानाला पांगळे करते, तीच गोळ्याचा पल्ला वाढविते. १९१८ मध्ये जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटर अंतरावरून पॅरिसवर मारा केला, तो याच तत्त्वावर. त्या तोफेचा गोळा सुमारे ४० किलोमीटर उंच चढे आणि प्रवासाचा बराच भाग जवळजवळ निर्वात प्रदेशात करी.

परंतु वाढलेला पल्ला हा निखळ लाभ नव्हे. मैदानात नेम बसविलेल्या बंदुकीची गोळी उंच पर्वतावर दूरच्या लक्ष्याच्या वरच्या बाजूस लागते, कारण तिचा वेग कमी घटतो आणि तिला खाली येण्यास कमी अवधी मिळतो. थंडीचा परिणाम याच्या विरुद्ध दिशेने होतो : गार हवा दाट असते आणि गारठलेली दारूही मंद जळते, त्यामुळे पल्ला आखडतो. १९९९ च्या कारगिल युद्धात अनेक लक्ष्ये ५,००० मीटरांच्या आसपास होती. तेथे मानक घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असते. अशा हवेत मैदानी सारण्या जशाच्या तशा वापरता येत नाहीत. विमानातून टाकलेल्या बॉम्बच्या नेमाचे गणितही नव्याने मांडावे लागले. आपली ठाणी लक्ष्याच्या निकट असताना पल्ल्यातील चूक म्हणजे स्वकीयांवरच मारा होण्याचा धोका. म्हणूनच तोफखाना मारा करण्यापूर्वी वरच्या थरांतील हवेचा दाब, तापमान व वारा यांची माहिती मिळवितो.

वैमानिक आणि तोफची दोघांनाही हे गणित आधीच करावे लागते. विरळ हवा डोळ्यांना दिसत नाही. धावपट्टीचे टोक जवळ आल्यावर, किंवा गोळा नळीतून सुटल्यावर, दुरुस्तीला अवसर उरत नाही. दाब आणि तापमान ही दोन साधी मापे वेळीच घेणाऱ्यालाच हवा आपली खरी उंची सांगते.