नगराध्यक्षाची खुर्ची, महापौराचा मान

अमरावतीची महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी अस्तित्वात आली आणि अकोल्याची १ ऑक्टोबर २००१ रोजी. परंतु या दोन तारखा प्रमाण मानून वऱ्हाडातील महापौरपदाचा वृत्तांत लिहावयास जो कोणी बसेल, त्याची लेखणी पहिल्याच ओळीत अडखळेल, कारण अमरावतीस महानगरपालिका मिळाली तेव्हा महापौर मिळाला नाही, आणि पुढील अनेक वर्षे त्या नगरीचा सारा कारभार शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या सहीने चालला. पाटी बदलली, दफ्तरावरील शिक्के बदलले, परंतु ज्या पदामुळे नगरपालिकेपेक्षा महानगरपालिका थोर मानावयाची ते पद कागदावरच राहिले. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वऱ्हाडातील या दोन नगरींच्या प्रथम नागरिकाची दीडशे वर्षांची कहाणी पाहू गेल्यास त्याचा दर्जा वाढत गेला तसतसा त्याचा अखत्यार उणावत गेला, असेच दिसून येते.

कहाणीचा आरंभ परकोटापासून करावयास हवा. पेंढाऱ्यांच्या धुमाकुळापासून अमरावतीच्या सावकारपेढ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत, १८०७ च्या सुमारास, गावाभोवती दगडी कोट बांधण्यास प्रारंभ झाला. सुमारे सव्वादोन मैल परिघाचा, पाच दरवाजे आणि चार खिडक्यांचा तो कोट आजही अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खुनारी खिडकी या नावांनी नित्याच्या बोलण्यात टिकून आहे. अकोल्यास असदगडाचा किल्ला आणि मोर्णेचे पात्र. नदीच्या एका तीरावर जुने गाव व दुसऱ्या तीरावर ताजनापेठ, जिच्या बाजूस पुढे गोऱ्या अंमलदारांच्या कचेऱ्या आणि बंगले उभे राहिले. १९०१ च्या खानेसुमारीत अमरावतीची वस्ती ३४,२१६ आणि अकोल्याची २९,२८९ भरली. आजच्या मापाने ही मोठी खेडीच; परंतु अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव आणि त्यापाठोपाठ आलेली आगगाडी यांमुळे या खेड्यांतून जी संपत्ती खेळू लागली, तिने गटारे, दिवे, रस्ते आणि नळ यांची मागणी निर्माण केली, व त्या मागणीतूनच म्युनिसिपालिटी जन्मास आली.

तिचा जन्म मोठा विलक्षण. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला खरा, परंतु नाममात्र स्वामित्व हैदराबादच्या निजामाकडेच राहिले. हैदराबादेस बसलेला रेसिडेंट हाच या प्रांताचा श्रेष्ठ अधिकारी होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू न होता गव्हर्नर जनरलच्या हुकमाने लावावे लागत. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावाचे वारे येथवर पोहोचले ते १८८६ च्या वऱ्हाड म्युनिसिपल कायद्याच्या रूपाने. म्हणजे मालकी निजामाची, हुकूम इंग्रजांचा, आणि त्या दोहोंच्या सावलीत अमरावती-अकोल्याची रयत आपल्या गल्लीचा सभासद निवडू लागली. आरंभी अध्यक्षस्थानी सरकारी अधिकारीच बसे, सभासद बहुधा मान डोलावीत. तरीही सरकारच्या जमाखर्चाकडे जाहीरपणे बोट दाखविण्याची मुभा असलेली वऱ्हाडातील पहिली बैठक तीच होय. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला आणि ही गुंतागुंत काहीशी सुटली.

त्या काळी सार्वजनिक जीवनाची सूत्रे वकिलांच्या हाती होती. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी यांच्या अमरावतीने १८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरविले, सर शंकरन नायर यांना अध्यक्षपदी बसविले, आणि स्वागताध्यक्ष म्हणून खापर्डे उभे राहिले. याच वर्षी कापूस व धान्य बाजारांविषयीचा वऱ्हाडचा कायदा झाला. कारंज्याचा बाजार १८८६ पासूनच नियमांखाली आलेला होता. आता अमरावती, अकोला आदी ठिकाणच्या बाजारांना समित्या मिळाल्या, आणि त्या समित्यांवर व्यापाऱ्यांच्या जोडीला म्युनिसिपालिटीचे प्रतिनिधीही बसू लागले. नगरसंस्थेचा संबंध केवळ झाडलोटीशी नसून गावाच्या पोटापाण्याशी आहे ही जाणीव वऱ्हाडात इतक्या लवकर यावी, याचे श्रेय पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा कापसालाच अधिक द्यावे लागेल.

निवडून आलेला अध्यक्ष खरोखर काय करू शकतो याचा वऱ्हाडातील उत्तम दाखला मात्र शहरातील नव्हे, जिल्ह्यातील आहे. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षणासाठी करवाढ करण्याचा आग्रह त्यांनी त्या खुर्चीवरून धरला. करवाढ ही कोणत्याही काळी लोकप्रिय गोष्ट नव्हे, आणि विहीर खुली करणे ही त्या काळी त्याहूनही नव्हती. तरी दोन्ही घडू शकल्या त्या एवढ्याचसाठी की अध्यक्षाच्या शब्दामागे अंमलबजावणीचे बळ होते. अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाने तापलेल्या त्या दिवसांत एखादा निव्वळ मानकरी अध्यक्ष असता तर त्याने सभेचे कामकाज शिस्तीने चालविले असते, आणि विहिरी होत्या तशाच राहिल्या असत्या.

शहरांपुरते पाहता १९२२ चा मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा चार दशकांहून अधिक काळ वऱ्हाडावर अंमल गाजवीत राहिला. प्रांत बदलले, द्विभाषिक मुंबई राज्य झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी विदर्भातील नगरपालिका त्याच कायद्याने चालत होत्या. महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपालिका अधिनियम आला तेव्हा कुठे राज्यभर एक वहिवाट लागली. या अधिनियमाने नगराध्यक्षास नुसते सभेचे अध्यक्षपद दिले नाही. नगरपालिकेच्या आर्थिक व कार्यकारी कारभारावर नजर ठेवणे आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या कामावर देखरेख व नियंत्रण ठेवणे हेही त्याच्याकडे सोपविले. मुख्याधिकारी शासनाचा, परंतु त्याच्या डोक्यावर नगराध्यक्ष. १९७४ साली तर नगराध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडण्यात आले, आणि कोणाच्या काळात रस्ता झाला, कोणाच्या काळात नळ कोरडे पडले, हे बिनदिक्कत नाव घेऊन सांगण्याची सोय नागरिकास मिळाली. जुन्या वऱ्हाडी मंडळींच्या तोंडी ‘मुनशिपालटी’चा अध्यक्ष हा असा नावानिशी ओळखीचा मनुष्य असे, शिव्या द्यावयाच्या तरी त्यालाच.

मग दर्जा वाढला. अमरावती व बडनेरा या दोन नगरपालिका आणि भोवतालची अठरा खेडी मिळून १२१.६५ चौरस किलोमीटरांची महानगरपालिका झाली, आणि तिला लागला तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा. या कायद्याचा पिंड निराळा आहे. मुंबईत १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्डला आयुक्त नेमून कारभाराची सारी सूत्रे एका हातात दिली गेली. त्याने शहर सजविले आणि तिजोरी रिकामी केली. एवढा अनुभव घेऊनही सर फिरोजशहा मेहतांसारख्यांनी कार्यकारी सत्ता एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी व सभेने त्याच्यावर अंकुश ठेवावा, हाच मार्ग पसंत केला. मुंबईपुरती ती विचारपूर्वक केलेली तडजोड होती. पण तीच घडी पुढे पुणे, सोलापूर, अमरावती, अकोला अशी जिकडे तिकडे घातली गेली, आणि राजधानीच्या अंगाबेताने शिवलेला अंगरखा वऱ्हाडातील कापसाच्या पेठांना चढविला गेला. या कायद्यान्वये कार्यकारी सत्ता आयुक्ताची. तिजोरीची किल्ली सोळा सभासदांच्या स्थायी समितीकडे. महापौराकडे सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद, दफ्तर पाहण्याचा आणि आयुक्ताकडून अहवाल मागविण्याचा हक्क, आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत. कालपर्यंत मुख्याधिकाऱ्यास फर्मावणारी खुर्ची आज आयुक्तास विनंती करू लागली.

अमरावतीचे पहिले महापौर डॉ. देवीसिंह शेखावत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे विद्याभारती महाविद्यालयाचे प्राचार्य, १९८५ ते १९९० या काळात अमरावतीचे आमदार, आणि प्रशासकीय राजवट संपून नव्वदीच्या आरंभी लोकनियुक्त सभागृह बसले तेव्हा त्याचे प्रमुख. २००७ साली त्यांच्या पत्नी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, आणि अमरावतीचा पहिला महापौर राष्ट्रपतिभवनात राहावयास गेला याचे वऱ्हाडास साहजिकच अप्रूप वाटले. थोडी थट्टा क्षम्य मानली तर म्हणावे लागेल की राष्ट्रपतींच्या यजमानांस जे आचरावे लागते, म्हणजे सर्वत्र अग्रमान स्वीकारावा आणि कोणत्याही फाइलीवर हुकूम लिहू नये, त्याची तालीम त्यांना महापौरपदावर आधीच मिळालेली होती.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनेचा आधार दिला, पाच वर्षांची मुदत दिली आणि अध्यक्षपदांत आरक्षण आणले. राज्यात महापौरपदाची मुदत एक वर्षाची होती, ती पुढे अडीच वर्षांची झाली. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेचा, म्हणजे महापौरास मंत्रिमंडळासारखी सत्ता देण्याचा, प्रयोग झाला. तो लवकरच गुंडाळला गेला आणि अमरावतीच्या वेशीपर्यंतही आला नाही. उलट आरक्षणाने मात्र या खुर्चीचे रूप खरोखर पालटले. अमरावतीत वंदना कंगाले आणि चरणजितकौर नंदा, अकोल्यात ज्योत्स्ना गवई, उज्ज्वला देशमुख, अर्चना मसने: वकील आणि सावकार यांच्या बैठकीतून निघालेल्या या पदावर जी माणसे आली, त्यांची कल्पना १८८६ च्या कायद्याच्या कर्त्यांना स्वप्नातही आली नसती. सत्तेचा वाटा आक्रसत असता सन्मानाचा वाटा अधिक लोकांत पोहोचला, हे या कथेतील उजळ पान. अर्थात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी दार उघडले ते तिजोरी दुसऱ्या खोलीत हलविल्यानंतर, हेही सांगितले पाहिजे.

अकोल्याची अडचण अमरावतीहून निराळी. २०१६ साली भोवतालची चोवीस गावे शहरात घेतली गेली आणि अवघ्या २८ चौरस किलोमीटरांचे शहर एकाएकी १२४ चौरस किलोमीटरांचे झाले. पुढच्या वर्षी झालेल्या निवडणुकीत ऐंशी जागांपैकी अठ्ठेचाळीस जिंकून भारतीय जनता पक्षाने विजय अग्रवाल यांना महापौर केले, आणि त्यांच्या सभागृहापुढे जे आले ते वाढीव मालमत्ताकराचे प्रकरण. नव्याने सामील झालेल्या गावांना नळ, गटार, दिवा द्यावयाचा तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर कर हवा, हा हिशेब निर्विवाद. परंतु करवाढीचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पंजाबरावांच्या करवाढीशी याची तुलना सहज मनात येते. तेथे अध्यक्षाने कर मागितला आणि कशासाठी ते स्वतः सांगितले. येथे आकारणी प्रशासनाची, मंजुरी सभागृहाची, आणि लोकक्षोभ महापौराच्या दाराशी.

पाण्याची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. अकोल्यास महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते व ते वाटण्याची जबाबदारी महापालिकेची. धरण आटले की शहराचा संताप थेट महापौराच्या कक्षात शिरतो. अमरावतीस पाणी येते मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणातून, पण ते पुरविते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, म्हणजे राज्य शासनाची यंत्रणा. सहा लाखांहून अधिक वस्तीच्या नगरीच्या प्रथम नागरिकाच्या हाती त्या नगरीच्या नळाची चावी नाही. त्यातच जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि पुढे वस्तू व सेवा कर आला. जकातनाक्यावर रोज जमणारा पैसा हा शहराचा स्वतःचा होता. त्याच्या जागी मुंबईहून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यांची वाट पाहणे आले. तिजोरी दूर गेली की सभागृहातील वाद मोठे होतात आणि निर्णय लहान, याचा प्रत्यय दोन्ही शहरांनी घेतला आहे.

मार्च २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांची मुदत संपली. अमरावतीत चेतन गावंडे, अकोल्यात अर्चना मसने पायउतार झाल्या-झाल्या आयुक्त हेच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकून राहिल्याने, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी हा घटनेचा दंडक राज्यभर पुस्तकातच राहिला. अमरावतीला हा अनुभव नवा नव्हता. १९८३ नंतरचा तिचा पहिला अध्याय असाच होता. या काळात प्रस्ताव मांडणारा आयुक्त, सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून त्यास संमती देणारा आयुक्त, आणि स्थायी समितीच्या नात्याने त्यावर खर्च मंजूर करणाराही आयुक्तच. रस्ते झाले, निविदा निघाल्या, अंदाजपत्रके संमत झाली. शहरे काही थांबली नाहीत, आणि महापौरावाचून कोणाचे काय अडले असा प्रश्न विचारणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळाले. त्यांना उत्तर एवढेच की अडले ते प्रश्न विचारणाऱ्याचे: ज्या सभेत प्रश्न विचारावयाचा ती सभाच भरत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील एकोणतीस महापालिकांसाठी मतदान झाले, आणि अमरावती व अकोला येथे जवळजवळ चार वर्षांनी लोकनियुक्त सभासद आले. त्यांना आरंभापासूनच जो जमाखर्च हाती घ्यावा लागला, त्यातील चार वर्षांच्या एकाही कलमावर त्यांच्यापैकी कोणाचे मत घेतलेले नव्हते.