ऑल ब्लॅक्स-स्प्रिंगबॉक्स: न जुळणारा हिशेब

रग्बीत न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका समोरासमोर आले की दोन्हीकडचे चाहते शंभर वर्षांचं वहीखातं उघडून बसतात. काळ्या जर्सीतले ऑल ब्लॅक्स थोर की हिरव्या-सोनेरी जर्सीतले स्प्रिंगबॉक्स? विश्वचषक मोजले तर आफ्रिकेचे चार आणि न्यूझीलंडचे तीन. सगळ्या कसोट्या मोजल्या तर न्यूझीलंड बरंच पुढे. पण जुन्या वळणाचा चाहता या दोन्ही आकड्यांकडे नाक मुरडतो. त्याच्या लेखी खरं माप एकच, ते म्हणजे दौऱ्यावर जाऊन खेळलेली कसोटी मालिका. आणि तिथली बेरीज मोठी मजेशीर आहे. 1921 ते 1996 या काळात दोघांत तीन किंवा चार कसोट्यांच्या बारा मालिका झाल्या. पाच आफ्रिकेनं जिंकल्या, पाच न्यूझीलंडनं, दोन बरोबरीत सुटल्या.

एवढ्यावर वाद मिटायला हरकत नव्हती. पण या बारांतली कुठली धरायची आणि कुठली वगळायची, यावरच कधी एकमत झालेलं नाही.

मालिकेचं एवढं अप्रूप का, हे आधी सांगायला हवं. पूर्वीचा रग्बी दौरा दोन-तीन महिने चालायचा. पाहुणा संघ गावोगाव फिरून प्रांतिक संघांशी खेळायचा आणि मधल्या शनिवारी कसोट्या व्हायच्या. विश्वचषकाची फायनल ऐंशी मिनिटांत निकाली निघते, तिथं एका चुकीला माफी नाही. मालिकेत एक कसोटी हरलेल्याला दोन आठवडे मिळतात. कुठला गडी बदलायचा, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, समोरच्याला कसं दाबायचं, याचा खल करता येतो. 1956 साली न्यूझीलंडनं हेच केलं. आफ्रिकेविरुद्ध तोवर एकही मालिका त्यांना जिंकता आली नव्हती. दोन कसोट्यांनंतर 1-1 अशी बरोबरी होती आणि आफ्रिकेचे प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतले धिप्पाड गडी, जड जात होते. तेव्हा निवृत्त झालेल्या केव्हिन स्किनरला परत बोलावलं गेलं. हा गृहस्थ एके काळी देशाचा हौशी हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता. तिसऱ्या कसोटीत ठोसे चालले, न्यूझीलंडनं ती कसोटी आणि पुढची चौथीही जिंकली. पहिला हात कोणी उचलला यावर आजही दोन देशांत दोन कथा सांगितल्या जातात. दोन्ही कथांत आपला माणूस गरीब गाय असतो, हे वेगळं सांगायला नको.

पंचांचा मुद्दा याहून गंभीर. त्या काळी पंच यजमान देशाचेच असत. 1976 साली घरच्या मैदानावर आफ्रिकेनं चौथी कसोटी 15-14 अशी एका गुणानं जिंकून मालिका 3-1 केली. त्या दौऱ्यातल्या पंचगिरीवर न्यूझीलंडचे म्हातारे चाहते अजून दात-ओठ खातात. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. पण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडमध्ये उतरला की शिट्टी तिथल्याच माणसाच्या तोंडात असे, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

खरं पाणी मुरतं ते वेगळ्याच ठिकाणी. मैदानात कोण उतरलं यापेक्षा कोणाला उतरू दिलं नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1924-25 च्या दौऱ्यात एकही सामना न हरलेल्या न्यूझीलंड संघात जॉर्ज नेपिया नावाचा एकोणीस वर्षांचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे खेळणारा गडी, होता. तो माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजातला. आजही सर्वकालीन संघ निवडताना त्याचं नाव निघतं. 1928 मध्ये ऑल ब्लॅक्स पहिल्यांदा आफ्रिकेला निघाले तेव्हा त्याला घरी ठेवलं गेलं, कारण यजमानांना गोरेच पाहुणे हवे होते. ती मालिका 2-2 अशी सुटली. नेपिया असता तर? 1949 मध्येही तेच झालं. माओरी खेळाडू मागे ठेवून गेलेला संघ 4-0 असा सपाटून हरला. त्यातल्या 3 सप्टेंबर 1949 या दिवशी तर न्यूझीलंडनं दोन कसोट्या गमावल्या, एक डर्बनमध्ये आणि दुसरी, दुसऱ्याच संघानिशी, वेलिंग्टनमध्ये ऑस्ट्रेलियाकडून. 1960 मध्ये 'माओरी नाहीत तर दौरा नाही' म्हणत दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. दौरा झालाच. 1970 मध्ये ब्रायन विल्यम्स, सिड गोइंग या न्यूझीलंडच्या गोरेतर खेळाडूंना 'मानद गोरे' ठरवून आत घेण्यात आलं. हा शब्दप्रयोग सरकारी होता, थट्टेतला नव्हे.

आणि आफ्रिकेचं काय? 1981 पर्यंत स्प्रिंगबॉक्सच्या जर्सीत एकही गोरेतर खेळाडू कसोटी खेळला नव्हता. त्या वर्षी एरॉल टोबायस पहिला ठरला. म्हणजे पाहुणे काही खेळाडू वगळून खेळत होते आणि यजमान बहुसंख्य देशच वगळून. अशा मालिकांचा निकाल वहीत जरूर नोंदवावा, पण त्यावरून थोरवी ठरवू नये, असं माझं मत. यावर आफ्रिकेचा चाहता म्हणतो, मग 1981 ची मालिकाही वगळा. तिथं न्यूझीलंडवाल्यांची पंचाईत होते.

स्प्रिंगबॉक्सचा 1981 चा न्यूझीलंड दौरा हा रग्बीतला सर्वांत कडवट दौरा. राष्ट्रकुल देशांनी 1977 च्या ग्लेनइगल्स करारात वर्णद्वेषी आफ्रिकेशी क्रीडासंबंधांना आळा घालण्याचं ठरवलं होतं. तरीही न्यूझीलंडचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी दौरा रोखला नाही. ऑल ब्लॅक्सचा कर्णधार ग्रॅहम मूरीनं खेळायला सरळ नकार दिला. हॅमिल्टनला शेकडो निदर्शक कुंपण तोडून मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि सामना रद्द झाला. आजूबाजूचे प्रेक्षक, म्हणजे त्यांचेच शेजारीपाजारी, त्यांच्यावर बाटल्या फेकत होते. 56 दिवसांत दीड लाखाहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या, एरवी निवांत असलेल्या देशात बाप-लेक एका टेबलावर जेवेनासे झाले.

मैदानात मालिका 1-1 होती. 12 सप्टेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर निर्णायक कसोटी. बाहेर काटेरी तारा, हेल्मेट घातलेले पोलीस. वर एक छोटं सेसना विमान पुन्हा पुन्हा स्टेडियमवर झेपावत पिठाच्या पिशव्या टाकत होतं. त्यातली एक न्यूझीलंडच्याच गॅरी नाइटवर पडली आणि तो आडवा झाला. खेळ थांबला, तो उठला, खेळ सुरू झाला. शेवटाला आफ्रिकेच्या रे मॉर्टनं चेंडू रेषेपलीकडे टेकवून आपला तिसरा ट्राय केला आणि गुण झाले 22-22. ट्रायनंतर मिळणारी जादा गुणांची किक त्यांच्याच नास बोटाकडून हुकली. जादा वेळेत वेल्सचे पंच क्लाइव्ह नॉर्लिंग यांनी आफ्रिकेचे खेळाडू दहा मीटर मागे सरले नाहीत म्हणून पेनल्टी दिली. न्यूझीलंडच्या ॲलन ह्यूसननं ती मारली. 25-22. प्रिटोरियात आजही नॉर्लिंग हे नाव शिवीसारखं उच्चारणारे भेटतील. पंच तटस्थ देशाचा होता तरी वाद टळला नाहीच!

भारतीय वाचकाला हा पेच नवा नाही. 1974 मध्ये आपण डेव्हिस कपची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि चषक त्यांना बहाल झाला. त्या निर्णयावर आपल्याकडे टेनिसप्रेमी हळहळले, पण घरं फुटली नाहीत.

या भांडणात एक तिसरा पक्षही आहे आणि मला तो सर्वांत रोचक वाटतो. केपटाऊनमधला मिश्रवंशीय समाज, ज्याला वर्णभेदी कायद्यानं 'कलर्ड' ठरवलं. न्यूलँड्स मैदानावर त्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवलं जाई आणि तिथून ते पाहुण्यांच्या बाजूनं ओरडत. 1970 मध्ये ब्रायन विल्यम्स धावू लागला की तो कोपरा पेटायचा, कारण आपल्या रंगाचा माणूस आपल्याच मैदानावर गोऱ्यांना चकवत होता. वर्णभेद संपला, 2018 मध्ये सिया कोलिसी स्प्रिंगबॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला, त्यानं दोन विश्वचषक उंचावले. तरी केपटाऊनमध्ये ऑल ब्लॅक्सची जर्सी घालून येणारे अजून आहेत. त्यांना देशद्रोही म्हणणं सोपं आहे. आजोबांकडून मिळालेली निष्ठा राज्यघटना बदलली म्हणून बदलत नाही, हे त्यांचं म्हणणं खोडणं मात्र अवघड.

आता पुन्हा मालिकांच्या हिशेबाकडे. 1986 ची भानगड थोडक्यात. आदल्या वर्षीचा अधिकृत दौरा न्यायालयात अडकला, तेव्हा 'कॅव्हेलिअर्स' नाव लावून बहुतेक ऑल ब्लॅक्स परस्पर आफ्रिकेला गेले आणि 3-1 हरले. आफ्रिकेचा चाहता ही मालिका हळूच सहावी म्हणून पुढे सरकवतो. अनधिकृत ती अनधिकृतच.

दोन्ही देशांच्या मंडळांना, पंचांना आणि जगाला मान्य अशा मालिका मग दोनच उरतात. 1994 ची न्यूझीलंडनं घरच्या मैदानावर जिंकली; त्यात आफ्रिकेच्या योहान ल रूनं न्यूझीलंडच्या शॉन फिट्झपॅट्रिकचा कान चावला तो प्रसंग निकालापेक्षा जास्त लक्षात राहिला. 1996 ची प्रिटोरियात 33-26 अशा विजयानं निश्चित झाली. आफ्रिकेच्या भूमीवर ऑल ब्लॅक्सनं जिंकलेली ती पहिलीच मालिका. शिट्टी वाजली तेव्हा त्यांचे गडी गवतावर कोसळले होते. पुढे तीन-चार देशांच्या वार्षिक स्पर्धा आल्या आणि लांब दौरा मोडीत निघाला. 2025 मध्ये ईडन पार्कवर न्यूझीलंड 24-17 जिंकलं, आठवड्यानं वेलिंग्टनला आफ्रिकेनं त्यांना 43-10 असं लोळवलं. ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. पण दोनच कसोट्या, दोघांचा एकेक विजय, पुन्हा पाचास पाच.

म्हणूनच 2026 साठी जुन्या धर्तीचा दौरा आखला गेला तेव्हा दोन्हीकडचे चाहते हरखले. प्रांतिक संघांशी सामने आणि चार कसोट्या. त्यातल्या तीन आफ्रिकेत आणि चौथी अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, कारण मंडळांना डॉलर हवेत. निकाल काहीही लागो, मालिका चौथ्या सामन्यापर्यंत ताणली गेली तर हरणाऱ्याच्या तोंडी सबब तयारच आहे: यजमानांच्या भूमीबाहेर खेळलेली कसोटी मुळात या मालिकेत धरायचीच का?