छापलेलं म्हणजे नक्कल नव्हे

एचिंगबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ती मूळ चित्राची छापील प्रत असते. याचं कारण आपल्या भिंतींवरच आहे. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्यांच्या तैलचित्रांवरून केलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या शिळाछाप तसबिरी घरोघरी पोचल्या. तिथे मूळ चित्र वेगळं होतं. एचिंगमध्ये तसं नसतं. चित्रकार धातूच्या पत्र्यावरच चित्र घडवतो आणि कागदावरचा ठसा हेच मूळ चित्र. खाली पेन्सिलीने लिहिलेलं ३/२० म्हणजे वीस ठशांच्या मालिकेतला तिसरा क्रमांक. प्रत्येक ठशासाठी पत्र्याला नव्याने शाई भरून ती हातानेच पुसावी लागते.

सुईने धातू कोरतात, असंही म्हटलं जातं. सुई फक्त पत्र्यावरचा मेणाचा थर खरवडते, धातू खातं ते आम्ल. नळदुर्ग किल्ल्यातल्या बंधाऱ्यातला पाणीमहाल एचिंगमध्ये करायचा म्हटलं, तर लांबचा माळ थोडा वेळच आम्लात ठेवायचा, मग त्यावर वार्निश लावून तो झाकायचा आणि बंधाऱ्याचा काळा दगड पुन्हा आम्लात सोडायचा. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि गडद. पत्रा जस्ताचा असेल तर आम्लात त्यावर बुडबुडे धरतात, ते पिसाने अलगद बाजूला सारतात. कोसळणारं पाणी काढायचंच नाही, तिथे कोरा कागद सोडायचा. ठसा उलटा उमटतो, म्हणून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे पत्र्यावर बाजू बदलून काढायचे. निसर्गाकडे इतक्या सावकाश बघायला लावणारी कला मला दुसरी माहीत नाही.

आपल्या मराठवाड्याचा या कलेशी काय संबंध, असं वाटणाऱ्यांनी वेरूळ आठवावं. ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या चित्रकाराने तिथल्या लेण्यांची २४ दृश्यं १८०३ मध्ये लंडनला छापली, तीही अ‍ॅक्वाटिंटमध्ये, म्हणजे राळेची पूड पत्र्यावर वितळवून आम्लाने सावल्या उमटवण्याच्या पद्धतीने. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनीही त्याआधी, १७९०च्या दशकात, वेरूळची चित्रं काढली होती.

आम्लाशिवाय हे जमणारच नाही, हेही खरं नाही. ड्रायपॉइंटमध्ये अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावरही टोकदार सुईने थेट ओरखडता येतं. रेघेच्या कडेला उठलेल्या खरबरीत कंगोऱ्यात शाई अडकते आणि मखमली काळा रंग देते. दाबाखाली तो कंगोरा लवकर झिजतो, त्यामुळे चांगले ठसे मोजकेच निघतात. धाराशिवच्या कलाशिक्षकांना शाळेत सुरुवात करायची असेल, तर हीच पद्धत सोयीची.